सोनेरी लाह्यांना गिऱ्हाईक

माझ्या पहिल्या नोकरीत मी जो माल विकत होतो तो कुणालाच नको होता. ही तक्रार नाही. नको असलेला माल विकणाऱ्याला रोज नवी माणसं भेटतात, कारण जुनी त्याला पुन्हा दारात उभं करत नाहीत. त्या मालाचं शास्त्रीय नाव व्हर्मिक्युलाइट. ते न अडखळता म्हणता येणं ही आमच्या कंपनीत नोकरीची पहिली परीक्षा होती, आणि कंपनीचे मालक असलेले शेठ त्या परीक्षेत शेवटपर्यंत नापास राहिले.

हा एक दगड. अभ्रकाच्या भाऊबंदांपैकी. दक्षिणेकडच्या खाणींतून पोत्यांनी यायचा, तेव्हा तपकिरी, मळकट आणि जड असायचा. आमच्या भट्टीत टाकला की तडतडायचा, फुगायचा आणि मूठभर दगडाची टोपलीभर सोनेरी लाही होऊन बाहेर पडायची. भट्टीवरचे कामगार त्याला लाह्याच म्हणत. वजनाला काही नाही, पण गुण असे की दोन फळ्यांच्या मध्ये भरल्या तर अलीकडचा विस्तव पलीकडे कळत नाही आणि पलीकडचा बर्फ अलीकडे वितळत नाही. जळत नाही, कुजत नाही, वाळवी लागत नाही, उंदीर खात नाही. आमचा गोदामवाला म्हणायचा, "उंदीर खात नाही हे खरं, पण गिऱ्हाईक तरी कुठं खातंय?"

स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. आता देशात जिकडे तिकडे कारखाने निघणार, कारखान्यांत भट्ट्या आणि बॉयलर येणार, शहरात थंड गोदामं बांधणार, आणि त्या सगळ्यांना लाह्या लागणार, असा शेठचा होरा होता. होरा बरोबर होता, फक्त पुष्कळ लवकर होता. मी बॉयलरवाल्यांकडे गेलो. ते म्हणाले, उष्णता बाहेर जाते तर जाऊ दे, कोळसा आमचा जळतो, तुमच्या पोटात का दुखतं? बर्फाच्या कारखान्यात गेलो. तिथे लाकडाचा भुसा होता, तो फुकट मिळत होता, आणि फुकटाशी स्पर्धा करायला शास्त्रही कमी पडतं. एका थेटरवाल्याने मात्र माल बघताक्षणी पसंत केला. त्याला तो छताच्या आत भरायचा नव्हता, बाहेरून चिकटवायचा होता. चमकतो म्हणून! नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी आमच्या मालाची गत होती.

शेठने मग एक मॅनेजर आणला. तरुण, सज्जन, चष्मेवाला, परदेशात काही महिने शिकून आलेला. आम्ही त्याला साहेब म्हणत असू. साहेबाचा आवडता शब्द मागणी. मागणी नसते, ती निर्माण करावी लागते, असं तो रोज सकाळी सांगायचा. आमच्या घरात तोपर्यंत मागणी फक्त लग्नाच्या मुलींना येत असे, आणि ती निर्माण करायला गेलेल्या बापांचे हाल मी पाहिले होते. पण पगार त्याच्या सहीने मिळायचा, म्हणून मी मान डोलवायचो.

एक दिवस साहेबाच्या कानावर आलं की माझं आजोळ मुरुडजवळच्या कोळीवाड्यात आहे. तो खुर्चीतून उठलाच. "कोळी म्हणजे मासे," तो म्हणाला. "मासे म्हणजे बर्फ. बर्फ म्हणजे आपण!" इतक्या झटपट तीन उड्या मारून तो माझ्या आजोळी पोचला, आणि दुसऱ्या आठवड्यात मी एकटाच लाह्यांचा डबा घेऊन त्या उड्यांच्या मागोमाग. माझा जन्म माझगावच्या चाळीतला, वडील गोदीत फिटर. आजोळी मी मे महिन्यापुरता जायचो, खायचो, लोळायचो आणि परत यायचो. माशांबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की ते ताटात कुठल्या बाजूला वाढतात. पण साहेबाच्या दृष्टीने मी त्या किनाऱ्याचा जाणकार होतो.

मुरुडला उतरल्यावर मी थेट मामाकडे गेलो नाही. घरच्या माणसांना माल विकायची लाज वाटत होती. म्हणून आधी बाजारातल्या पाववाल्या चाचांची भट्टी गाठली. चाचांनी मला बाकावर बसवलं, गरम पाव दिला आणि माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं. मी सांगितलं की भट्टीला बाहेरून लाह्यांचा थर दिला तर भिंत अजिबात तापणार नाही, सगळी गरमी आत राहील, लाकूड वाचेल.

"भिंत तापणार नाही?" चाचांनी काळजीने विचारलं.

"हात लावला तरी कळणार नाही."

"या अल्ला! मग माझं पीठ कुठं फुगेल, बेटा? पहाटेची परात मी या दिवारीलाच टेकवून ठेवतो. आणि हे बुजुर्ग कुठं जातील?" त्यांनी भट्टीच्या पाठीमागे बोट दाखवलं. तिथे दोन म्हातारे पाठी शेकत बसले होते, आणि त्यांच्या पलीकडे कुणीतरी ओलं धोतर वाळत घातलं होतं. "आत जाते ती गरमी माझी," चाचा म्हणाले, "बाहेर येते ती मोहल्ल्याची."

साहेबाच्या शास्त्रात वाया जाणाऱ्या उष्णतेचं कोष्टक होतं. तिच्याकडे पाठ करून बसणाऱ्या म्हाताऱ्यांना त्यात जागा नव्हती. मी दुसरा पाव खाल्ला आणि मामाकडे निघालो.

मामा तांडेल होता, म्हणजे स्वतःची होडी स्वतः हाकणारा. शिडाची होडी, दोन गडी आणि एकुलता एक मुलगा, असा त्याचा संसार समुद्रावर चालायचा. जमिनीवरचा संसार मामी चालवायची आणि समुद्रावरचाही निम्मा तिच्याच सांगण्याने चालायचा. मी पोचलो तेव्हा ओसरीवर बाप-लेकाचं वाजलं होतं. मामेभाऊ माझ्याच वयाचा, पण माझ्यासारखे दोन त्याच्यातून निघाले असते. त्याला मुंबईला जायचं होतं.

"होरी कोन चालवील मग?" मामा विचारत होता.

"इकून टाक."

जाळं विणता विणता मामाचा हात थांबला होता आणि तो जाळ्याकडे असा बघत होता जणू ते दुसऱ्याच कुणाचं आहे. मामी मला बघून म्हणाली, "आयलास? बस. घरात नुसता शिमगा चाललाय."

भांडणाचं मूळ ताज्या मासळीत होतं. ज्यांच्याकडे इंजिनाची लाँच होती त्यांचं पापलेट मुंबईला ताजं पोचायचं. मामाची होडी वाऱ्याच्या मर्जीने जायची. बर्फ मुंबईहून लाँचवर भुशात गुंडाळून यायचा, तो टोपल्यांत मासळीवर घालून वर गोणपाट टाकायचं, आणि वारा पडला की खांदेरीच्या आसपास बर्फाचं पाणी व्हायचं. म्हणून मामा बहुतेक सगळं सुकवायचा. मामेभावाचं म्हणणं असं की उभा जन्म बोंबील वाळवण्यात घालवायचा तर समुद्रात जायचंच कशाला.

अशा वेळी शहाण्या पाहुण्याने डबा उघडू नये. मी उघडला. मामाने आत डोकावून पाहिलं.

"सोनं हाय काय?"

"नाही मामा, दगड आहे. भाजलेला."

मी माझं नेहमीचं प्रात्यक्षिक केलं. तळहातावर लाह्यांचा थर, त्यावर चुलीतला निखारा. हे मी मुंबईत शंभर ऑफिसांत करून दाखवलं होतं आणि तिथे लोक 'छान' म्हणून चहा मागवत. मामाने चहा मागवला नाही. त्याने स्वतःचा हात पुढे केला, लाह्या घेतल्या, निखारा घेतला आणि तो काळा पडेपर्यंत घेऊन बसला. मग त्याने मुलाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर जी आशा आली ती बघून मला पहिल्यांदाच वाटलं की आपण काहीतरी खरं विकतो आहोत.

"ह्याच्या पेटीत मासली ठेवली तं?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, बर्फ दोन दिवस हलणार नाही. हे साहेबाचं वाक्य होतं आणि ते खोटंही नव्हतं.

मामेभावाने मूठभर लाह्या उचलून दाबून पाहिल्या. मग म्हणाला, "ठीक हाय. या पेटीतनं आपलं पापलेट मुंबईला ताजं गेलं तं मी ऱ्हातो. न्हाय गेलं तं मना आडवायचं न्हाय."

"शब्द?" मामाने विचारलं.

"शब्द."

मामी भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही, पण तिचा हात एक क्षण परातीतच राहिला. पोरगा राहणार की जाणार हे आता माझ्या डब्यावर ठरणार होतं.

मुंबईला परत येऊन मी ही बातमी साहेबाला दिली. त्याने मला मिठीच मारली. प्रयोगासाठी दोन पेट्या फुकट द्यायच्या असं त्याने ठरवलं. फुकट हा शब्द ऐकून शेठना उचकी लागली, पण किनाऱ्यावर किती कोळीवाडे आहेत आणि प्रत्येकात किती होड्या आहेत हे साहेबाने हवेत बोटं फिरवून दाखवल्यावर ती थांबली. पेट्या सुंदर झाल्या. सागवानी, दुहेरी फळ्यांच्या, मधल्या पोकळीत गच्च लाह्या आणि पितळी स्क्रू. एवढ्या मोठ्या, पण दोघांनी सहज उचलाव्यात.

पेट्यांबरोबर साहेब स्वतः आला. लाँच खोल पाण्यात थांबायची, तिथून लहान होडीने किनाऱ्याजवळ यायचं आणि शेवटचं गुडघाभर पाणी चालत उतरायचं, असा तिथला रिवाज. साहेबाच्या पायांत बूट होते. मामेभावाने त्याला मुकाट्याने पाठुंगळी घेतलं आणि वाळूवर आणून ठेवलं. कोळीवाड्यातली पोरं हसली, साहेबही हसला. माणूस खरंच चांगला होता. उगाच त्याच्यावर डाफरायला मला आजही जमत नाही.

मामीने पेट्यांना हळदकुंकू लावलं, मामाने नारळ फोडला. मग साहेबाने भाषण केलं आणि मी ते माझ्या मोडक्यातोडक्या कोळी बोलीत सांगत गेलो. शेवटी साहेब मामाजवळ गेला आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "फक्त एक गोष्ट जपायची. या दोन फळ्यांच्या मध्ये पाणी जाता कामा नये. थेंबसुद्धा नाही. पाणी गेलं की संपलं."

मामा खाली बसला. त्याने फळ्यांच्या सांध्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं. "म्हंजे फट न्हाय पायजे."

"अगदी बरोबर! फट नको!"

"लाकूर पार सुकं हाय," मामा म्हणाला.

"हो, हो, अगदी सुकं!" साहेब खूश होऊन म्हणाला. त्याने ते लाकूड मुद्दाम सुकवून घेतलं होतं.

"बरं," मामा म्हणाला, "त्याचं काय करायचं ते मना ठावं हाय. तुमी काय बी काळजी करू नका."

दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली. दोन माणसांचं इतकं एकमत मी पुढे लग्नाच्या बैठकीतसुद्धा पाहिलं नाही. साहेब पुन्हा पाठुंगळी बसून लाँचवर गेला, आणि मीही त्याच्या मागे.

दिवाळी झाली आणि मामाचा निरोप आला: पापलेट लागलं आहे, होडी घेऊन येतो. त्या सकाळी आम्ही भाऊच्या धक्क्यावर जाऊन उभे राहिलो. साहेब नवा टाय घालून आला होता. शेठ नाकाला रुमाल लावून आले होते. जन्मात मासळी न पाहिलेला माणूस, पण माल आपला म्हटल्यावर आला. होडी दिसली. मामा सुकाणूवर उभा होता आणि लांबूनच हात हलवत होता. होडी जरा जास्तच खाली बसली आहे असं मला वाटलं. मासळी पुष्कळ असेल, असं मी मनाशी म्हटलं.

पेटी वर काढायला दोन हमाल उतरले. ती हलेना. आणखी दोघे उतरले. "दगड भरलेत काय?" त्यांतला एक ओरडला. शेवटी मामेभावाने पेटीखाली पाठ दिली, दात-ओठ खाल्ले आणि ती धक्क्यावर ढकलली. मग दुसरी. शेठ रुमालाआडून त्याच्याकडे बघत होते.

"साहेब हलका माल बोलला व्हता," मामा वर येत मला म्हणाला, "पन चांगली वस्तू वजनदार असायचीच." तो अगदी आनंदात होता.

झाकण उघडलं. बर्फ नव्हता. कोमट पाण्यात पापलेटं तरंगत होती, डोळे पांढरे पडलेले. शेठ चार पावलं मागे गेले. धक्क्यावरच्या एका कोळणीने पुढे होऊन एक मासा उचलला, त्याच्या पोटावर बोट दाबलं. बोटाचा खड्डा तसाच राहिला.

"तांडेल, ह्यो आजचा न्हाय," ती म्हणाली.

"काल सांजचा हाय!"

"मंग पेटीत काय इस्तव पेटवलंवता?"

आजूबाजूला हशा पिकला. साहेब हसला नाही. त्याने खिशातून पेचकस काढला, गुडघ्यावर बसला आणि बाहेरची फळी सोडवली. आतून पाण्याचा लोंढा आला आणि त्याच्या मागोमाग भिजल्या पोह्यांसारखा सोनेरी लगदा त्याच्या बुटांवर पडला.

साहेबाने त्यातली चिमूट उचलली. "हे... हे कसं झालं?"

"कसं म्हंजे?" मामा म्हणाला. "भरतीच्या पान्यात बुडवून ठेवल्या. वर दगड ठेवले. चांगल्या भिजवल्या."

"पण का?"

"तुमीच बोललात ना, पानी आत जायाचं न्हाय."

आता हे समजायला होडीच्या घरात जन्मावं लागतं. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर झावळ्यांच्या छपराखाली कोरडी असते. तिच्या फळ्या सुकतात, आकसतात, सांधे उघडतात. तशीच पाण्यात घातली तर बुडेल. म्हणून आधी तिला पाणी पाजतात. भरतीच्या कडेला ठेवून ती आतबाहेर भिजवतात, लाकूड पाणी पिऊन फुगतं, सांधा सांध्याला भिडतो, आणि मग पाण्याची काय बिशाद आत यायची! मामाच्या बापाने हेच केलं, त्याच्या बापाने हेच केलं. सुकं लाकूड आणि पाणी अडवायचं आहे, असं जगातल्या कुठल्याही कोळ्याला सांगा, तो ती वस्तू आधी समुद्रात बुडवेल. मामाने साहेबाचा शब्द न् शब्द पाळला होता. फळ्या अशा झकास फुगल्या होत्या की आत गेलेलं पाणी बाहेर पडायलाही फट उरली नव्हती.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणून हसून मोकळं व्हावं असाच तो प्रसंग. मला हसू आलंही. पण तेवढ्यात मी मामाकडे पाहिलं. तो साहेबाकडे बघत नव्हता, लगद्याकडे बघत नव्हता. तो मुलाकडे बघत होता. त्या गर्दीत मला रडू यायला लागलं.

"पुन्ना करू," मामा म्हणाला. "ह्या टायमाला न्हाय भिजवनार."

मामेभाऊ धक्क्यापलीकडच्या चिमण्यांकडे बघत होता, म्हणजे गिरण्यांच्या.

साहेब शेठना बाजूला घेऊन विनवू लागला की आणखी दोन पेट्या देऊ, चूक कळली आहे, आता यशाची खात्री आहे. शेठ ऐकतच नव्हते. त्यांची नजर मघापासून एकाच ठिकाणी होती. ते रुमाल न काढता मामेभावाजवळ आले.

"ए जवान," ते म्हणाले, "भट्टी ऊपर काम करेगा? आपणा कारखाना मां?"

मामेभाऊ दचकला. त्याने बापाकडे पाहिलं. मी मनात म्हणत होतो, मामा, नाही म्हण. त्याला एकदा ओरड. पण ज्याने वाऱ्याशी उभा जन्म शब्द पाळला तो मुलाशी कसा मोडेल?

"शब्द दिलाय," मामा म्हणाला. "जा."

मामेभाऊ वाकला. आधी होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, हात लावला, मग बापाच्या पायांना. शेठ साहेबाकडे वळून म्हणाले, "मार्केट नहीं मळ्युं तो शूं? माणस तो मळ्यो!" आणि त्या एका वाक्यात आमच्या कंपनीचा किनाऱ्यावरचा सगळा व्यापार पुरा झाला. आम्ही माल विकायला गेलो होतो आणि माणूस घेऊन आलो.

पुढे मागणी आली, हेही सांगून टाकतो. कुणी निर्माण केली नाही, आपली आपण आली. साठ सालाच्या पुढे तेल शुद्ध करणारे कारखाने, खतांचे कारखाने, पोलादाच्या भट्ट्या, निर्यातीच्या कोळंबीची थंड गोदामं, सगळ्यांना एकदम लाह्या हव्या झाल्या आणि शेठनी दुसरी भट्टी घातली. पण सर्वांत मनापासूनची मागणी त्याआधीच येऊन गेली होती. मामीने भिजका लगदा गोड्या पाण्यात धुऊन परसात मिरच्यांच्या वाफ्यात ओतला होता. तो पाणी धरून ठेवायचा, त्यामुळे उन्हाळाभर तिच्या मिरच्यांना एक दिवसाआड पाणी पुरलं. ही गोष्ट श्रीवर्धनच्या एका बागाईतदाराच्या कानावर गेली आणि तो सुपारीच्या रोपांसाठी लाह्या मागायला थेट ऑफिसात आला. शेठनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. आपण इंडस्ट्रीवाले, खतवाले नाही, म्हणाले. किनाऱ्यावरून आमच्या दारात चालत आलेलं ते एकच गिऱ्हाईक.

पण त्या दिवशी मी अजून धक्क्यावरच होतो. मऊ पडलेली पापलेटं खत करणाऱ्याने नेली. रिकाम्या पेट्या मामाने परत होडीत घेतल्या. आता एक माणूस कमी होता. मामाने माझ्याकडे पाहिलं.

"तू चल," तो म्हणाला. "शिडाची दोरी धराय कोनीतरी पायजे ना."

शनिवार होता. ऑफिसची पँट आणि चामड्याच्या चपला घालून मी होडीत उतरलो. खांदेरीच्या अलीकडेच माझ्या पोटातलं सगळं समुद्राला मिळालं. मामा म्हणाला, "तुजी आय पोर व्हती तवा अशी कंदी वकली न्हाय," आणि गडी हसले. दोरीने माझे तळवे सोलून निघाले. मी ती सोडली नाही एवढंच माझं कर्तृत्व.

चौलच्या समोरून जाताना वारा सरळ झाला आणि मामा माझ्याशेजारी येऊन बसला. त्याने विचारलं, "त्या लाह्या भाजतात तवा... पोराला चटका बसनार तं न्हाय?"

"नाही मामा. त्याच तर उष्णता अडवतात."

"व्हय?"

"व्हय."

त्याने मान हलवली. इतक्या वर्षांत त्या मालाबद्दल मला पुष्कळांनी पुष्कळ विचारलं, किंमत विचारली, टिकाऊपणा विचारला. पण त्याच्या गुणाची खरी गरज असलेल्या माणसाने विचारलेला प्रश्न तेवढाच. आणि मी त्याचं उत्तर अर्धंच खरं दिलं, कारण भट्टीचं तोंड उघडं असतं.

आम्ही पोचलो तेव्हा दिवेलागण व्हायची होती. मामी वाळूवर उभी होती. होडीतून गडी उतरले, मामा उतरला, मी उतरलो. मामी आमच्या मागे बघत राहिली. मामाने तिच्याकडे पाहिलं नाही, तो नांगर ओढायला गेला. सांगायचं माझ्यावर आलं.

"मामी, त्याला नोकरी लागली," मी म्हणालो. पेढे वाटताना म्हणतात तशा आवाजात म्हणालो. माझी मलाच शरम वाटली.

"कंच्या कंपनीत?"

"आमच्याच."

ती वळली आणि घराकडे चालू लागली. मी तिच्या मागे गेलो. चुलीवर बांगड्याचं कालवण होतं, टोपलीत तांदळाच्या भाकऱ्या फडक्यात गुंडाळलेल्या. तिने मुलाचं पितळी ताट पुसलं आणि माझ्यासमोर मांडलं. मी हात धुऊन बसलो, तळव्यांना पाणी झोंबत होतं. बाहेर मामा पेट्या उतरवत असल्याचा आवाज येत होता, एकट्याचा.

"परत कंदी येल तो?" मामीने विचारलं.

"सुट्टी मिळेल ना, मामी. मे महिन्यात येईल. आठ दिवस तरी राहील."

"म्हंजे तुज्यासारका," ती म्हणाली, आणि त्याच्यासाठी केलेलं कालवण तिने माझ्या ताटात वाढलं.